पावडरीचे डबे

केरबानं खिडकीचा पडदा दोन बोटं सरकवला आणि एक डोळा मिटून गल्लीत नजर लावली. हातगाडी कोपऱ्यावर आली होती. तालमीचे दोन कार्यकर्ते ती ढकलत होते आणि मागून तोंडाला भगवा रुमाल बांधलेला उदयसिंह चालत होता. दगडी हौद तालमीचा तो सेक्रेटरी. एरवी सरळ चालायचा, पण लॉकडाऊन लागल्यापासून त्याच्या चालीत जरा कलेक्टरसाहेब शिरला होता, असं केरबाचं मत.

गाडीवर बझारच्या पिशव्या रचलेल्या होत्या. गावातली दुकानं बंद, भाजी मंडई बंद. स्टेशन रोडचा मोठा बझार तेवढा फोनवर ऑर्डर घेऊन माल घरपोच करत होता. पण घरपोच हे नुसतं म्हणायला. टेंपो गल्लीबोळात शिरत नव्हता. तो प्रत्येक भागातल्या तालमीच्या दारात माल उतरवून जायचा आणि पुढचं काम तालमीनं करायचं. बझारनं माल घरपोच दिला नव्हता, तालीमपोच दिला होता, आणि केरबाची सगळी अडचण त्या तालमीतच होती.

गणपतरावांच्या पायरीवर पिशवी ठेवली गेली. पलीकडं चिमणाबाईच्या पायरीवर दोन. चिमणाबाई दार उघडून उभीच होती. तिनं पदरानं पिशवी पुसून घेतली आणि देवाला दाखवावी तशी आत नेली. गाडी पुढं सरकली. केरबाच्या दारासमोर ती हळू झाली. थांबली नाही, नुसती हळू झाली. उदयसिंहनं मान वर करून खिडकीकडं बघितलं, आणि पडद्यामागच्या डोळ्याची त्याला जाणीव झाल्यासारखी मान खाली घातली.

केरबानं पडदा सोडला. माणसानं काही केलंच नसेल तर तो मान कशाला खाली घालेल?

"आला व्हय माल?" आतून त्याच्या बायकोनं, तानाबाईनं विचारलं. तिचा आवाज आता फक्त जवळच्या माणसाला ऐकू येईल एवढाच उरला होता.

"आला. दुसऱ्याचा."

तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर पावडरीचा डबा होता. केरबानं चमचा आत घालून तळ खरवडला, डबा उलटा करून बुडावर थाप मारली आणि जे पडलं ते कोमट दुधात कालवलं. दूध जेमतेम पांढऱ्याचं पिवळट झालं. संक्रांतीनंतर मिरजेला तानाबाईच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. घट्ट काही उतरत नव्हतं. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, ही पावडर चुकवायची नाही, वजन उतरू द्यायचं नाही. वजन उतरलं तर पुढचे उपचार थांबवावे लागतील. गेले काही दिवस ती भाताच्या पेजेवर आणि दुधावर होती. मेडिकलवाल्यांनी कधीच हात वर केले होते. करोनातून उठलेला जो तो ताकदीसाठी हीच पावडर पीत सुटला होता. बझारमध्ये तेवढी ती मिळत होती.

तानाबाई वाटी तोंडाला लावून हळूहळू पीत होती. ब्लाऊजची बाही दंडावर एवढी सैल झाली होती की केरबानं तिकडं बघायचं टाळलं आणि फोन उचलला.

फोन पुण्याला, लेकीला. ऑर्डर तीच करायची.

"पप्पा, इथं परत डिलिव्हर झालं असंच दाखवतंय," तेजस्वी म्हणाली.

"कुठं दाखवतंय?"

"अ‍ॅपवर."

"त्या अ‍ॅपला म्हणावं, माझ्या दारात ये आणि दाखव."

"तिसरी ऑर्डर आहे ही. तिन्हींत एकेक डबा होता. तुम्ही तालमीत जाऊन एकदा विचारा ना."

केरबानं फोन ठेवला. तिसऱ्यांदा. एकदा चूक होते, दोनदा चूक होते. तीनदा होते तेव्हा तिला चूक म्हणत नाहीत.

तालमीत जाऊन विचारा! पोरीला काय जातंय सांगायला. तिचा जन्मही झाला नव्हता तेव्हाची गोष्ट. केरबा दगडी हौद तालमीच्या फुटबॉल संघाचा खेळाडू होता, याच गल्लीत जन्मलेला, याच तालमीच्या मातीत वाढलेला. पण उदयसिंहचा बाप विजयसिंह कॅप्टन झाला आणि त्यानं सगळा हंगाम केरबाला बाहेर बसवून ठेवला. कारण विचारलं तर सांगेना. केरबाचं डोकं फिरलं. त्यानं पुढच्या वर्षी सरळ मोरबाग तालमीचा शर्ट अंगात घातला. मोरबाग म्हणजे दगडी हौदाचा सात जन्मांचा वैरी; दोन्ही पेठांत सोयरीक होईल, पण मॅचच्या दिवशी जावई सासऱ्याला ओळखायचा नाही. आणि शाहू स्टेडियमवर फायनलला केरबानं आपल्याच गल्लीवर गोल मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दाराला चपलांचा हार होता.

घर सोडून तो गेला नाही. शिरोलीच्या फौंड्रीत नोकरी केली, ह्याच घरात राहिला, पण तालमीची पायरी चढला नाही. गल्ली त्याला 'मोरबागचा केरबा' म्हणू लागली. आणि मोरबागनं? गुडघे चालत होते तोवर खांद्यावर घेतलं, गुडघे गेल्यावर विचारलं नाही. म्हणजे इकडचा नाही आणि तिकडचाही नाही. मग केरबाही कुणाचा राहिला नाही. तानाबाईचं ऑपरेशन झालं तेसुद्धा त्यानं गल्लीत कुणाला कळू दिलं नव्हतं. भाड्याची गाडी करून तिला पहाटे मिरजेला नेलं आणि कुणी विचारलं तर लेकीकडं गेली म्हणून सांगितलं. आपल्या दुःखाला टाळ्या वाजवणारी माणसं कशाला गोळा करायची, हा त्याचा हिशेब.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना तो तालमीवरून गेला. रोज पलीकडच्या बोळातून जायचा, आज मुद्दाम इथून. दार अर्धं उघडं होतं. आत उदयसिंहचा पुतण्या, मांड्या खांबासारख्या झालेला पैलवान, भिंतीला टेकून पितळी तांब्यातून काहीतरी पीत होता. घट्ट, पांढरं-पिवळट, वर फेस. त्यानं तांब्या खाली घेतला तेव्हा ओठांवर पांढऱ्या मिशा उमटल्या होत्या.

केरबा जागच्या जागी उभा राहिला. ती थंडाई होती का आणखी काही, मास्कमधून वासावरून कळायला मार्ग नव्हता. पण त्याला वासाची गरजच नव्हती. त्याला सगळं लख्ख दिसलं होतं. ताकदीची पावडर, आणि तालमीत पैलवान. दारात आलेला डबा पैलवानांनी सोडला असेल, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. तिकडं तानीचे दंड सुकतायत आणि इकडं ह्याच्या मांड्या भरतायत.

"काय पायजे काका?" पैलवानानं विचारलं.

"काय न्हाय. पी, पी. अंगाला लागू दे," केरबा म्हणाला आणि तरातरा निघाला.

घरी येऊन त्यानं दुधाची पिशवी ओट्यावर आपटली. तानाबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"तुमी बघितलं व्हय डबा?"

"डबा कशाला बघायला पायजे? फेस बघितला."

"उदयसिंहला इचारा की एकदा. तोंडानं इचारायला काय हुतंय?"

"त्याला? मी? ज्याच्या बापानं मला..."

"मग मी जाते," असं म्हणून तिनं खाटेचा कठडा धरला. उठताना तिचा हात थरथरला आणि ती पुन्हा टेकली. केरबाला आपल्या बोलण्याची लाज वाटली, पण ती लाजही त्याला तालमीच्या पायरीपर्यंत नेईना.

"तू बस. मी बझारलाच जातो. चोरी कुठं झाली ते तिथंच कळंल."

डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घालून तो निघाला. चौकात पोलिसानं अडवलं, चिठ्ठी बघितली आणि लवकर परत या म्हणून सोडलं. बझारचं शटर गुडघ्याएवढं वर होतं आणि बाहेर टेबल टाकून एक मुलगी कॉम्प्युटर घेऊन बसली होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर स्वप्नाली असं नाव होतं. तिनं केरबाचं नाव आणि लेकीचा नंबर विचारून घेतला.

"तिन्ही ऑर्डरी पोच झाल्यात, काका."

"कुणाला?"

"तालमीत. मोरबाग तालीम."

केरबाला वाटलं, तिचं काहीतरी चुकतंय. "मी दगडी हौदात ऱ्हातो. पत्ता बघा."

"पत्ता दगडी हौदाचाच हाय. पण तुमचा माल मोरबागला उतरवायचा असं सांगितलंय की."

"कुणी सांगितलं?"

मुलीनं आत कुणाला तरी हाक मारून विचारलं आणि परत वळली. "दोन्हीकडनं फोन आलते म्हणे. मोरबागचाबी आणि दगडी हौदाचाबी. दोघांनीबी तेच सांगितलं."

"इथला एक डबा द्या मग. पैसे देतो."

"संपलाय, काका. पुढचा माल कधी येतोय सांगता येत न्हाय."

केरबा उन्हात उभा राहिला. आत्तापर्यंत तो एकट्या उदयसिंहला चोर समजत होता. पण ह्या दोन तालमी! मंडपाची जागा, मिरवणुकीची वेळ, रेफ्रीचा निकाल, एकाही गोष्टीवर कधी ह्यांचं एकमत झालं नाही. झालं ते ह्याच गोष्टीवर. केरबाच्या घरात अन्न जाऊ द्यायचं नाही. एवढा राग? इतक्या वर्षांनी? त्याला रडू येईल असं वाटलं आणि त्या विचारानंच तो आणखी चिडला.

तो घराकडं वळला नाही. सरळ मोरबागकडं गेला.

गल्लीच्या तोंडाला बांबू बांधून पत्रे मारलेले होते. पेशंट निघाल्यामुळं महापालिकेनं सगळा भागच बंद केला होता. पत्र्याच्या वरून तालमीचा गच्चीवरचा झेंडा तेवढा दिसत होता. केरबानं पत्र्यावर थाड थाड हात मारले.

"कोण हाय रं आत? भाईर या! चोरांनो, भाईर या!"

बऱ्याच वेळानं पलीकडून चपला फरफटत आल्या. पत्र्यावरून एक पांढरी टोपी आणि दोन डोळे दिसले.

"कोण? केरबा?"

आवाज ऐकला आणि केरबाचा हात पत्र्यावरच राहिला. गौस. मोरबागचा गोलकीपर. फायनलला गोल मारल्यावर पहिल्यांदा पळत येऊन ज्यानं उचललं होतं तो गौस.

"माझा माल कुठं हाय, गौस?"

"हाय की. तालमीत ठेवलाय, हात न्हाय लावला कुणी. लय वाट बघाय लावली व्हय?" गौस म्हणाला, जणू पाव्हण्याला चहा द्यायला उशीर झाला होता.

"तुमच्याकडं आला कसा त्यो?"

गौस जरा घुटमळला. "त्याचं काय झालं, आमच्या सेक्रेटरीनं तुमच्या उदयसिंहला फोन केलता. म्हणाला, केरबादा आमचा खेळाडू, त्याच्या घरचं आमी बघणार. त्यो म्हणाला, जलमला आमच्यात, ऱ्हातोय आमच्यात, तुमचा कसा काय? लय जुंपली दोघांची. शेवटाला उदयसिंह म्हणाला, न्या तर मग, बघू कसं पोचवतासा. आणि बझारला तसंच सांगितलं त्यानं."

"मग पोचवलं का न्हाईसा?"

"दुसऱ्या दिवशी गल्लीच शील झाली की. टेंपोवाला पत्र्यावरनं माल आत देतोय, पण आमास्नी भाईर पडता येत न्हाय."

"तर मग माघारी द्यायचं हौदवाल्यास्नी!"

गौसचे डोळे पत्र्याखाली गेले आणि परत वर आले. "मी म्हटलं पोरास्नी. ऐकनात. म्हणाली, आपल्या खेळाडूचं आपल्याच्यानं झालं न्हाय, हे हौदवाल्यास्नी आपल्या तोंडानं सांगायचं? आणि ती बी तिकडं वाट बघत बसल्यात, आमी कधी फोन करतोय म्हणून."

"आणि मला फोन करायला कुणाचा हात मोडला हुता?"

"तुझा नंबर कुणाकडं हाय, केरबा?" गौस हळूच म्हणाला. "कुणाला दिलास तू?"

केरबानं पत्र्यावरचा हात खाली घेतला. खोटं कशाला, क्षणभर त्याची छाती भरून आली होती. ह्या गावात आपलं नाव घेणारं कुणी उरलं नाही असं समजून तो इतकी वर्षं पडद्यामागं बसला होता, आणि दोन तालमी फोनवर भांडत होत्या, केरबा आमचा म्हणून. पण पुढच्याच क्षणी खाटेच्या कठड्यावरचा तो थरथरणारा हात त्याच्या डोळ्यांसमोर आला, आणि आपण इथं उभं राहून खूश झालो याचा त्याला संताप आला.

"तानी पेजंवर हाय, गौस. घशाचं ऑपरेशन झालंय. दुसरं काय उतरत न्हाय तिला."

पत्र्याच्या कडेवर गौसची बोटं आली.

"या अल्ला," गौस म्हणाला. "आमास्नी वाटलं, पैलवानी पावडर. तुझ्यासाठी मागवलीस. पोरं हसत हुती, म्हातारा अजून कसरत करतोय म्हणून." मग तो वळला आणि गुडघे दुखत असतानाही पळाला, चपलांच्या आवाजावरून ते कळत होतं.

तिन्ही डबे एका पिशवीत घालून त्यानं पत्र्यावरून दिले. झाकणांचे कागद जसेच्या तसे होते. केरबानं ते दोनदा तपासले. सवयच ती. गौसनं ते बघितलं.

"भाभीला सलाम सांग," एवढंच म्हणाला.

परत येताना केरबानं बोळ घेतला नाही. दोन्ही हातांनी पिशवी छातीशी धरून तो भर गल्लीतून आला. तालमीच्या कट्ट्यावर उदयसिंह आणि चारपाच कार्यकर्ते बसले होते. पिशवीवर बझारचं चित्र होतं, ते लांबूनच दिसलं असणार. उदयसिंह उठून उभा राहिला.

"काका, जरा थांबा. मोरबागवाल्यांनी पोचवलं व्हय?"

सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते. ह्या उत्तरावर काय काय टांगलंय हे केरबाला पुरतं ठाऊक होतं. व्हय म्हटलं तर संध्याकाळपर्यंत मोरबागमध्ये फटाके वाजले असते. आणि काल हाच प्रश्न कुणी विचारला असता तर केरबानं ह्यांची जिरवण्यासाठी म्हणून व्हय असंच सांगितलं असतं.

"न्हाय," तो म्हणाला. "मी जाऊन मागून आणलं."

त्यानं पिशवीचं तोंड उघडून डबे दाखवले.

"बायकोचं जेवण हाय हे. तिच्या घशाचं ऑपरेशन झालंय."

"कधी?"

"संक्रांतीनंतर."

"आणि आमास्नी पत्ता न्हाय?" उदयसिंहचा आवाज चढला. त्यात राग होता, आणि केरबाला समजलं की तो राग परक्या माणसावर येतो तसला नव्हता. "गाडीबरोबर रोज तुमच्या दारावरनं गेलो मी. खिडकीत उभं ऱ्हायलासा, एक हाक मारली न्हाईसा!"

"व्हय. न्हाय मारली."

केरबानं पिशवी कट्ट्यावर टेकवली. पुढचं बोलायला त्याला तोंड उघडावं लागलं आणि एकदा मिटावंही लागलं.

"उदयसिंह, आता तुझ्याकडंबी मागतोय. सोमवारी तिला मिरजेला दाखवायला न्यायचं हाय. गाडी मिळंना झालीया."

उदयसिंहनं रुमाल नाकावर नीट केला. मागं वळून कार्यकर्त्यांकडं बघितलं, परत केरबाकडं बघितलं.

"किती वाजता?" त्यानं विचारलं. मग एक पाऊल जवळ आला आणि आवाज खाली आणून, डोळे बारीक करून म्हणाला, "मोरबागला इचारलं न्हाईसा न्हवं?"

"न्हाय," केरबा म्हणाला. "पयलं तुलाच इचारतोय."

त्यानं पिशवी उचलली आणि घराकडं निघाला. तानाबाईची जेवणाची वेळ कधीच टळून गेली होती.